पंडिता रमाबाई व क्षमेचे दान

आमच्या पोफळीच्या माथ्यावर जो सह्याद्रि उभा आहे, त्याच्याच दक्षिणेकडील गंगामूळ नावाच्या रानात २३ एप्रिल १८५८ रोजी पंडिता रमाबाईंचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकनिंदेस न जुमानता पत्नीस संस्कृत शिकविले. तीच विद्या आईच्या मुखातून रमाबाईंस लाभली. पुण्य जोडण्यासाठी हे कुटुंब तीर्थोतीर्थी हिंडले आणि त्या प्रवासातच दुष्काळाने आईबाप हिरावून नेले. १८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी बाईंस पंडिता ही पदवी दिली. १८८२ मध्ये वैधव्य आले. पुढील वर्षी, २९ सप्टेंबर रोजी, इंग्लंडात वाँटेज येथे कन्या मनोरमेसह त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि १८८९ साली मुंबईस शारदा सदन स्थापिले.

इतके पुष्कळांस ठाऊक असते. परंतु या चरित्रातील सर्वांत बिकट पाऊल आमच्या मते याहून पुढचे आहे. बाप्तिस्म्यास सुमारे आठ वर्षे झाली, कीर्ती समुद्रापार गेली, तरी अंतःकरणास शांती नव्हती. विल्यम हॅसलम नामक इंग्रज पाळकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. इतरांस उपदेश करणारा हा गृहस्थ स्वतःच तारणापासून दूर होता, हे त्यास उशिरा उमगले होते. बाईंस त्यात आपलेच प्रतिबिंब दिसले. आपण ख्रिस्ती धर्म पत्करला, ख्रिस्त मात्र पत्करला नाही, हे त्यांनी ओळखले. आपण पापी आहो असे देवापुढे कबूल करून त्यांनी क्षमा फुकट मिळालेले दान म्हणून घेतली. बालपण पुण्यसंचयात घालविलेल्या विदुषीस रिकामा हात पसरणे किती जड गेले असेल! तरीही त्यांनी ही गोष्ट लपविली नाही. १९०७ साली आपल्या साक्षीत ती जगापुढे मांडली.

त्या कबुलीचे फळ केडगावास दिसले. १८९६-९७ च्या दुष्काळात शेकडो निराधार मुलींस मुक्ति सदनात आसरा मिळाला. १९०५ च्या जून महिन्यात त्याच मुली आपली पापे अश्रूंसह कबूल करू लागल्या, आणि क्षमेचा आनंद पावून टोळ्याटोळ्यांनी आसपासच्या खेड्यांत सुवार्ता सांगावयास निघाल्या.

१९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या. ते दुःख सोसून रमाबाईंनी शास्त्राच्या भाषांतराचे काम तडीस नेले व ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूमध्ये निजल्या.

विद्यार्थ्यांनो, ज्याची चूक उघड झाली त्यास ती कबूल करावीच लागते. ज्यास सर्व लोक भला म्हणतात त्याने आपण होऊन कबूल करणे याहून कठीण. आम्हां शिक्षकांस तर हा धडा तुमच्याहून अधिक लागू आहे.