कालियाचा कर्ता

आमच्या मराठवाड्यात नाग हा जितका भयाचा विषय आहे, तितकाच भक्तीचाही. अर्धापूरच्या केळीच्या बागांना पाणी द्यायला शेतकऱ्याला रात्री-अपरात्री जावं लागतं. हातात बॅटरी घ्यायची आणि काठी आपटत बांधावरून चालायचं. पायाखाली काय येईल, नाग, घोणस की मण्यार, याचा नेम नसतो. आणि तोच शेतकरी श्रावणात नागपंचमीला औत धरत नाही, जमीन खणत नाही. त्याच्या घरात त्या दिवशी विळी चालत नाही, तवा चढत नाही. बायका नागोबाचं चित्र काढून लाह्या-दुधाचा नैवेद्य दाखवतात, त्याला भाऊ मानतात. ज्याच्या दंशाने माणूस मरतो, त्यालाच भाऊ म्हणायचं! हे नातं ज्या सर्पाच्या कथेत पुरेपूर उतरलं आहे, तो यमुनेच्या डोहातला कालिया. आणि त्या कालियाला पडद्यावर जिवंत करणारा माणूस म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. आपले दादासाहेब फाळके.

दादासाहेबांची आठवण होण्याचं कारण माझा पुतण्या. हल्ली मुलांमध्ये फासे टाकून खेळायचा कथेचा एक खेळ आहे. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातले वीर व्हायचं आणि वाटेत येणाऱ्या संकटांशी झुंजायचं. या खेळासाठी पुतण्या सरपटणाऱ्या शिकारी प्राण्यांची एक नवी जातच तयार करत होता. वहीत त्याने नखं, विष, खवले, वेग, सगळ्यांचे आकडे मांडले होते. प्राणी इतका बलाढ्य झाला की त्याला हरवताच येईना आणि मित्र कंटाळून उठून गेले. काका, यात चुकलं काय, असं त्याने विचारलं, तेव्हा मी त्याला दादासाहेबांची हकिगत सांगितली. तीच इथे सांगतो.

फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील संस्कृतचे शास्त्री. त्यामुळे रामायण, भागवत, पुराणं ही घरातलीच माणसं असल्यासारखी होती. १८८५ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ते दाखल झाले आणि पुढे बडोद्याच्या कलाभवनात गेले. चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण असं जे हाताला लागेल ते शिकले. गोध्र्याला त्यांनी फोटोचा स्टुडिओ थाटला, पण तिथे प्लेगने पहिली पत्नी आणि मूल हिरावून नेलं. १९०२ मध्ये त्यांचा दुसरा विवाह झाला. या दुसऱ्या पत्नी म्हणजे सरस्वतीबाई. काही काळ पुराणवस्तू खात्यात नोकरी केली, मग छपाईचा धंदा काढला, यंत्रं आणण्यासाठी १९०९ मध्ये जर्मनीही गाठली. धंदा चांगला चालला असतानाच भागीदारांशी बिनसलं आणि हा माणूस रिकाम्या हाताने बाहेर पडला. मधल्या काळात ते जादूचे प्रयोगही करत. फाळके हे नाव उलटं करून प्रोफेसर केळफा या नावाने! लोकांच्या डोळ्यांदेखत नसलेली वस्तू असल्यासारखी कशी दाखवायची, ही विद्या त्यांना अशी आधीपासूनच ठाऊक होती.

मुंबईच्या तंबूत येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला तेव्हा त्यांचं वय चाळिशीचं होतं. पडद्यावर ख्रिस्त चालत होता आणि फाळक्यांना त्याच्या जागी राम-कृष्ण दिसत होते. मग वेड लागल्यासारखे ते रोज चित्रपट पाहू लागले. डोळ्यांवर इतका ताण आला की काही काळ दृष्टीच जाते की काय अशी पाळी आली. विम्याच्या पॉलिस्या तारण ठेवून १९१२ मध्ये ते लंडनला गेले, कॅमेरा आणि तंत्र शिकून परतले. पैसे देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून त्याचा वेल होताना पडद्यावर दाखवला. महिनाभराची वाढ काही क्षणांत! पाहणारे थक्क झाले, पैसा उभा राहिला. जे कमी पडलं, ते सरस्वतीबाईंच्या दागिन्यांनी भरून काढलं. आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. तारामतीच्या भूमिकेला बाई मिळेना, तेव्हा एका हॉटेलात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला लुगडं नेसवलं. सरस्वतीबाई कच्च्या फिल्मला भोकं पाडत, ती धुण्याच्या कामात हात देत, उन्हात पांढरी चादर धरून उभ्या राहत आणि वर सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करत. भारतीय चित्रपटाचा पाया घातला गेला तो असा, एका संसाराच्या चुलीशेजारी.

पुढे फाळक्यांनी नाशिकला बिऱ्हाड हलवलं. १९१७ मध्ये ‘लंकादहन’ आला आणि पैशाचा पाऊस पडला. १९१८ मध्ये भागीदारांसह हिंदुस्थान सिनेमा फिल्म कंपनी उभी राहिली. त्याच वर्षीच्या ‘श्रीकृष्ण जन्म’मध्ये कंसाचं डोकं धडावेगळं होऊन हवेत तरंगतं. जादूगार केळफा आता कॅमेऱ्याच्या मागे उभा होता.

आणि १९१९ मध्ये आला ‘कालिया मर्दन’.

आता कालिया कसा आहे ते पाहा. भागवतातली ही कथा सांगणाऱ्याने नुसता मोठा साप सांगितलेला नाही. कालियाला घर आहे, यमुनेचा डोह. त्याच्या तिथे असण्याचा परिणाम आहे. पाणी उकळतं, काठची झाडं वाळतात, वरून उडणारी पाखरं खाली पडतात. आणि मुख्य म्हणजे त्याला स्वतःला भय आहे. तो मूळचा रमणक द्वीपाचा. गरुडाचा बळी स्वतःच खाऊन बसला, गरुडाने झोडपलं आणि तो पळाला. सौभरी ऋषींच्या शापामुळे गरुडाला जिथे पाऊल टाकता येत नव्हतं, नेमकी तीच जागा त्याने लपायला शोधली. म्हणजे गोकुळाला ज्याचं भय, तो स्वतःच एक घाबरलेला आश्रित! शिकाऱ्याच्याही मागे शिकारी आहे. म्हणून हा प्राणी खरा वाटतो.

हा प्राणी पडद्यावर आणायचा तर मोठा नाग तयार करणं एवढंच काम नव्हतं. फाळक्यांनी कृष्णाच्या भूमिकेसाठी आपली चिमुकली मुलगी मंदाकिनी निवडली. चित्रपटाच्या सुरुवातीला तिचा नुसता चेहराच दिसतो, कधी हसरा, कधी रुसलेला, कधी रागावलेला. मग हळूहळू त्या मुलीच्या जागी मुकुट ल्यालेला कृष्ण उभा राहतो. फाळक्यांनी प्रेक्षकांपासून काही लपवलं नाही. ही माझी लेक आहे, हे आधी दाखवलं, आणि मग तिला डोहात उडी मारायला लावली. आता जीव कुणाचा धोक्यात आहे, ते पाहणाऱ्या प्रत्येक आईबापाला ठाऊक होतं.

डोहातल्या झुंजीत तर त्यांची खरी अक्कल दिसते. पाण्याखाली कृष्ण आणि कालिया झगडतात आणि मधूनमधून काठावरची माणसं दिसतात. व्याकूळ झालेली, पाण्याकडे डोळे लावून बसलेली. आज पाहताना तो नाग बनवलेला आहे, हे लहान मूलही ओळखेल. पण काठावरची तळमळ बनावट वाटत नाही. भय सापात नसतं, ते सापाकडे पाहणाऱ्याच्या चेहऱ्यावर असतं, हे फाळक्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं. आमच्याकडे रात्री बागेत गेलेल्या माणसाची वाट पाहणाऱ्या घरालाही ते वेगळं सांगावं लागत नाही.

आणि शेवट? कालिया मारला जात नाही. नागपत्नी हात जोडतात, कृष्ण त्याला अभय देऊन डोह सोडायला सांगतो. फण्यांवर उमटलेल्या पावलांमुळे गरुडही आता त्याला काही करणार नाही. नागाला भाऊ मानणाऱ्या समाजाला हाच शेवट मानवणार! पुतण्याच्या वहीत मग आकडे कमी झाले आणि दोन ओळी वाढल्या. हा प्राणी कुठे राहतो, आणि कशाला भितो.

फाळक्यांचं पुढचं आयुष्य मात्र उताराचं. कंपनीतही भागीदारांशी पटेना. ते काशीला निघून गेले, तिथे ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिलं, पुन्हा नाशिकला परतले. पण बोलपट आले आणि काळ पुढे गेला. १९३७ मध्ये कोल्हापूर सिनेटोनसाठी केलेला ‘गंगावतरण’ हा त्यांचा अखेरचा चित्रपट. एकेकाळी ज्यांनी पैशांच्या राशी पाहिल्या, त्यांचे अखेरचे दिवस ओढगस्तीत गेले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकला त्यांनी देह ठेवला, तेव्हा चित्रपटसृष्टीला त्यांची फारशी आठवणही उरली नव्हती. त्यांच्या नावाचा पुरस्कार सुरू झाला तो १९६९ मध्ये, म्हणजे पंचवीस वर्षांनी.

त्यांनी केलेल्या शंभराच्या आसपास चित्रपटांपैकी बहुतेक काळाने गिळले. जे थोडे उरले, त्यांत ‘कालिया मर्दन’चा बराच मोठा भाग आहे. पुण्याच्या राष्ट्रीय फिल्म संग्रहालयाने तो जपला आहे. डोहातल्या सर्पाला अभय मिळालं, त्याला घडवणाऱ्या माणसाच्या वाट्याला ते आलं नाही, याची मला खंत वाटते. पण त्यांची चिमुकली लेक अजून त्या फण्यावर उभी आहे. घरातल्या मुलांना एखाद्या रविवारी ती जरूर दाखवा.