कार्डिनल न्यूमन : अंतःकरणाची श्रद्धा आणि ख्रिस्तसभा

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं एका जुन्या प्रश्नाकडे आपलें लक्ष वेधावेंसें वाटतें. मनांत देवावर श्रद्धा असली म्हणजे पुरे, मग मिस्सा, साक्रामेंतें आणि धर्मगुरु कशाला, असें म्हणणारे लोक आपल्यांत आहेत. उलट, रविवारची मिस्सा चुकली नाहीं आणि वर्षाचें कुंपसार झालें म्हणजे आपलें ख्रिस्ती कर्तव्य संपलें, असें मानणारेहि आहेत. या दोन्ही पक्षांनीं ज्यांचें चरित्र मनन करावें, असे सत्पुरुष म्हणजे संत जॉन हेन्री न्यूमन होत.

यांचा जन्म लंडन शहरीं ता. २१ फेब्रुवारी १८०१ रोजीं झाला. वडिलांची सावकारी पेढी होती. ती १८१६ सालीं बुडाली. त्याच वर्षीं पंधरा वर्षांचे जॉन आजारी पडून शाळेंत मागें राहिले असतां त्यांच्या अंतःकरणांत मोठा पालट झाला. आपण आहोंत आणि आपला उत्पन्नकर्ता आहे, या दोन गोष्टींइतकी निश्चित गोष्ट जगांत दुसरी नाहीं, अशी त्यांची खात्री पटली. ती पुढें चौऱ्याहत्तर वर्षें ढळली नाहीं.

इतकी श्रद्धा लाभल्यावर दुसरा एखादा तेथेंच थांबला असता. न्यूमन थांबले नाहींत. ऑक्सफर्ड येथें विद्याभ्यास करून १८२५ सालीं ते अँग्लिकन पंथाचे धर्मगुरु झाले. सेंट मेरीच्या देवळांतील त्यांचीं प्रवचनें ऐकण्यास विद्यार्थ्यांची दाटी होई. १८३३ सालीं सिसिलींतील प्राणांतिक दुखण्यांतून उठून परत येतांना समुद्रावर त्यांनीं 'लीड, काइंडली लाइट' हें गीत रचिलें. पुढें तें महात्मा गांधींसहि अत्यंत प्रिय झालें. त्याच वर्षीं ऑक्सफर्डची चळवळ सुरू झाली व न्यूमन तिचे धुरीण ठरले.

त्यांच्या मनास एकच प्रश्न छळीत होता. ख्रिस्तानें प्रेषितांच्या हातीं सोंपविलेली सभा आज कोठें आहे? आद्य धर्माचार्यांच्या ग्रंथांचा अभ्यास करतां करतां आपला पंथ त्या मूळ सभेपासून तुटलेला आहे, असें त्यांस दिसूं लागलें. १८४१ सालच्या त्यांच्या नव्वदाव्या पत्रकानें बिशपांचा रोष ओढवला. १८४३ सालीं त्यांनीं सेंट मेरीचें पद सोडलें आणि लिटलमोर या खेड्यांत प्रार्थना, उपास व अध्ययन यांत काळ घालविला.

१८४५ सालच्या ऑक्टोबरच्या ८ तारखेस रात्रीं डॉमिनिक बार्बेरी नांवाचे एक इटालियन धर्मगुरु पावसांत चिंब भिजून तेथें आले. ते शेतकऱ्याचे पुत्र. इंग्रजीहि त्यांस नीट येत नसे. ते विस्तवापाशीं कपडे वाळवीत असतां इंग्लंडांतील त्या महापंडितानें त्यांच्या पायांशीं गुडघे टेकले व कुंपसारास प्रारंभ केला. दुसऱ्या दिवशीं न्यूमन कॅथोलिक सभेंत आले. देव अंतःकरणांत भेटला असला, तरी त्याची क्षमा दुसऱ्या मनुष्याच्या मुखानें ऐकावी लागते, ही नम्रता त्यांस साधली होती.

तिचें मोलहि त्यांस द्यावें लागलें. एका सख्ख्या बहिणीनें संबंध तोडला. प्राणप्रिय ऑक्सफर्ड सुटलें तें बत्तीस वर्षें त्यांनीं पुन्हा पाहिलें नाहीं. १८४७ सालीं रोम येथें ते कॅथोलिक धर्मगुरु झाले. १८४९ सालीं बर्मिंगहॅम येथें दारू गाळण्याच्या जुन्या कारखान्यांत प्रार्थनामंदिर उघडून ते गरीब मजुरांची सेवा करूं लागले.

येथें चरित्र सुखान्त झालें असतें. पण खरी परीक्षा पुढेंच होती. ज्या सभेसाठीं सर्वस्व सोडलें, तिच्याच कांहीं अधिकाऱ्यांनीं त्यांजवर संशय घेतला. १८५९ सालीं त्यांनीं एक लेख लिहिला. चौथ्या शतकांत एरियसच्या पाखंडाच्या वेळीं अनेक बिशप डळमळले, परंतु साध्या श्रद्धावंतांनीं ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाचा विश्वास जतन केला, असें त्यांत दाखविलें होतें. त्याबद्दल रोमकडे त्यांची तक्रार गेली आणि संशयाची छाया पुष्कळ वर्षें राहिली. न्यूमन व्यथित झाले, पण सभेस सोडून गेले नाहींत. आणि आपला विचार खोटा होता, असेंहि केवळ भयानें म्हटलें नाहीं.

१८७० सालीं व्हॅटिकनच्या पहिल्या महासभेनें पोपच्या अस्खलनशीलतेचा सिद्धांत जाहीर केला. सिद्धांत न्यूमन यांस मान्य होता. तो त्या वेळीं जाहीर करणें मात्र त्यांस उचित वाटलें नव्हतें. तरी निर्णय होतांच त्यांनीं तो स्वीकारला. १८७५ सालीं प्रसिद्ध पत्र लिहून, सभेची आज्ञा व मनुष्याची सदसद्विवेकबुद्धि या एकमेकींच्या वैरिणी नव्हेत, असें त्यांनीं स्पष्ट केलें. १८७० सालच्याच आपल्या ग्रंथांत, शब्दांस दिलेली संमति आणि प्रत्यक्ष सत्यास दिलेली संमति यांतील भेद त्यांनीं उकलून दाखविला होता. पाठ केलेला विश्वासांगीकार जिभेवर राहतो. तोच जिवंत झाला म्हणजे माणूस त्यासाठीं घरदार सोडतो.

१८७९ सालीं पोप लिओ तेरावे यांनीं त्यांस कार्डिनल केलें आणि संशयाचें मळभ दूर झालें. ता. ११ ऑगस्ट १८९० रोजीं बर्मिंगहॅम येथें त्यांनीं देह ठेविला. २०१९ सालीं पोप फ्रान्सिस यांनीं त्यांस संतपद दिलें. २०२५ सालीं ते ख्रिस्तसभेचे महापंडित म्हणून घोषित झाले.

बंधुभगिनींनो, अंतःकरणाची श्रद्धा ही ज्योत आहे आणि ख्रिस्तसभा ही समई आहे. समईवांचून ज्योत वाऱ्यानें विझते. ज्योतीवांचून समई नुसतें पितळ होय. आपल्या पूर्वजांनीं हें देऊळ उभारून समई आपल्या हातीं दिली. तींत तेल घालणें हें ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे, तें दुसऱ्या कोणास करतां येणार नाहीं. पाद्रीवर रुसून देऊळ सोडणाऱ्यानें न्यूमन यांची सहनशीलता आठवावी. आणि सवयीनें बांकावर येऊन बसणाऱ्यानें, पंधराव्या वर्षीं त्यांस झालेला देवाचा साक्षात्कार आपणांसहि व्हावा म्हणून आज गुडघे टेकावे.