विश्लेषण : शस्त्रक्रियेनंतरची सूज हलक्या हाताने उतरवणारे एमिल व्हॉडर कोण होते?

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया होऊन सहा-आठ महिने उलटतात. जखम भरलेली असते, तपासण्या ठीक येतात. आणि एक दिवस हातातली बांगडी घट्ट होते. हात जड वाटतो, ब्लाऊजची बाही चढत नाही. घरातले तेल कोमट करून हात रगडायला बसतात आणि सूज उतरण्याऐवजी वाढते. अशा सुजेवर रगडणे नव्हे, तर पिसासारखा हलका हात हवा, ही पद्धत वैद्यकीय पदवी नसलेल्या एका डॅनिश माणसाने घडवली. त्या पद्धतीला आज ‘मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज’ म्हणतात. तिचे जनक एमिल व्हॉडर यांचा हा प्रवास आणि या मसाजातून काय मिळते, काय मिळत नाही, याचा आढावा.

लसीका म्हणजे काय?

रक्त धमन्यांतून शरीरभर जाते, तेव्हा केशवाहिन्यांतून थोडा द्रव बाहेर पाझरतो आणि पेशींना न्हाऊ घालतो. यातला जो द्रव रक्तात थेट परतत नाही, तो आणि त्यातली प्रथिने उचलून नेण्याचे काम लसीकावाहिन्या करतात. दिवसभरात साधारण २ ते ४ लिटर लसीका अशी गोळा होऊन मानेच्या तळाशी, गळपट्टीच्या हाडामागे, मोठ्या शिरांत रिती होते. वाटेत लसीकाग्रंथी लागतात. काख, जांघ, मान आणि पोट येथे त्यांचे पुंजके असतात. जंतू आणि कर्करोगाच्या पेशी येथे अडवल्या जातात.

या यंत्रणेला हृदयासारखा पंप नाही. वाहिन्यांचे स्वतःचे आकुंचन, श्वास आणि स्नायूंची हालचाल यांवर ती चालते. म्हणूनच शस्त्रक्रियेत ग्रंथी काढल्या किंवा किरणोत्सर्गाने वाहिन्या जखडल्या, की द्रव मागे तुंबतो. त्यालाच ‘लिम्फोडेमा’ म्हणतात. या वाहिन्यांना लसीकेशी जोडणारे नाव १६५३ मध्ये थॉमस बार्थोलिन यांनी दिले. ते कोपनहेगनचे. पुढे सुमारे अडीचशे वर्षांनी व्हॉडर यांचा जन्मही त्याच शहरात झाला.

व्हॉडर यांच्याआधी काय घडले होते?

सुजेवर मसाजाचा विचार करणारे व्हॉडर पहिले नव्हते. व्हिएन्नात शिकलेले आणि बेल्जियममधील लीज येथे शिकवणारे शल्यचिकित्सक अलेक्झांडर फॉन विनिवार्टर यांनी १८९२ मध्ये हातापायाच्या मोठ्या सुजेवर उपचार सुचवला होता. अवयव उंच ठेवायचा, पट्टी बांधायची, हलका मसाज करायचा आणि व्यायाम द्यायचा. मात्र १९१७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ही पद्धत मागे पडली.

त्याच काळात अमेरिकेत विल्यम हॅलस्टेड स्तनाच्या कर्करोगावर मोठी शस्त्रक्रिया करत होते. तीत स्तन, छातीचे स्नायू आणि काखेतील ग्रंथी एकत्र काढल्या जात. अनेक स्त्रियांचे प्राण वाचले, पण हात सुजू लागले. १९२१ मध्ये हॅलस्टेड यांनीच या सुजेवर निबंध लिहून तिला शस्त्रक्रियेतून आलेला हत्तीरोग अशा अर्थाचे नाव दिले. शस्त्रक्रियेमुळे आजार काबूत येत होता, पण तिच्या मागे राहणाऱ्या सुजेचे काय करायचे, याचे ठोस उत्तर नव्हते.

व्हॉडर यांचे शिक्षण कसे झाले?

एमिल व्हॉडर यांचा जन्म २० फेब्रुवारी १८९६ रोजी झाला. भाषा, कला आणि निसर्गविज्ञान अशा अनेक विषयांत त्यांना रस होता. कोपनहेगनमध्ये त्यांनी वैद्यकाचा अभ्यास सुरू केला, परंतु मलेरियाने गाठले आणि शिक्षण अर्धवट राहिले. पुढे १९२८ मध्ये ब्रसेल्स विद्यापीठाची डॉक्टरेट त्यांना मिळाली. ती वैद्यकातली नव्हती. म्हणजे नावाआधी ‘डॉ.’ होते, पण रुग्ण तपासण्याचा परवाना नव्हता. पुढच्या आयुष्यात डॉक्टर त्यांच्याकडे जे संशयाने पाहत राहिले, त्याचे मूळ बऱ्याच अंशी इथे होते.

पत्नी एस्ट्रिड या निसर्गोपचाराच्या जाणकार होत्या. ही पद्धत दोघांनी मिळून घडवली. तिचे श्रेय पुष्कळदा एकट्या एमिल यांना दिले जाते, पण हाताचे तंत्र बसवण्यात आणि पुढे ते शिकवण्यात एस्ट्रिड यांचा वाटा बरोबरीचा होता.

मसाजाची कल्पना कशी सुचली?

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला व्हॉडर दांपत्य फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कान येथे काम करत होते. दमट इंग्लंडमधून येणारे अनेक रुग्ण सततच्या सर्दीने आणि सायनसच्या त्रासाने बेजार असत. त्यांच्या मानेच्या ग्रंथी सुजून टणक झालेल्या व्हॉडर यांना हाताला लागत. लसीकाग्रंथींना हात लावू नये, असा त्या काळचा दंडक होता. जंतू पसरतील, ही भीती. व्हॉडर यांनी तो मोडला. बोटांनी अगदी हलक्या गोलाकार हालचाली करून त्यांनी या ग्रंथींकडे जाणारा द्रव वाहता करण्याचा प्रयत्न केला.

तेव्हा लसीकावाहिन्यांबद्दल फारसे छापील साहित्य नव्हते. फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ सापे यांची एकोणिसाव्या शतकातील चित्रे त्यांनी अभ्यासली आणि वाहिन्या ज्या दिशेने जातात त्या दिशेने हाताची चाल बसवली. १९३६ मध्ये पॅरिसमधील आरोग्य आणि सौंदर्याच्या प्रदर्शनात त्यांनी ही पद्धत जगासमोर मांडली. ती आधी उचलली सौंदर्योपचार करणाऱ्यांनी. डॉक्टर दूरच राहिले.

हे तंत्र नेमके कसे चालते?

शेतातला पाट तुंबला तर शेतकरी वरून पाणी सोडत बसत नाही. आधी पुढची चारी मोकळी करतो, मग मागचे पाणी आपोआप वाट धरते. व्हॉडर पद्धतीचा क्रम असाच आहे. सूज हातावर असली तरी सुरुवात मानेपासून होते, जिथे लसीका शिरांना मिळते. त्यानंतर धड, खांदा आणि शेवटी सुजलेला हात. काखेतील वाट बंद असेल तर द्रव छातीच्या दुसऱ्या बाजूकडे किंवा जांघेकडे वळवला जातो.

हाताच्या चाली मुख्यतः चार आहेत : जागच्या जागी वर्तुळ, पंपासारखी उचल, ओंजळीसारखी ओढ आणि अंगठ्यासह फिरती चाल. लसीकेच्या सुरुवातीच्या वाहिन्या त्वचेच्या लगेच खाली असतात, म्हणून दाब फक्त त्वचा ताणली जाईल इतकाच. त्वचा लाल झाली, दुखले, म्हणजे दाब जास्त झाला. बहुधा तेल लावत नाहीत, कारण हात घसरला तर त्वचा ताणली जात नाही. आपल्याकडच्या अंग मोडून टाकणाऱ्या मालिशीच्या अगदी उलट हा प्रकार आहे.

मान्यता मिळायला इतकी वर्षे का लागली?

१९३९ मध्ये दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि व्हॉडर दांपत्य कोपनहेगनला परतले. युद्धानंतर त्यांनी युरोपभर फिरून प्रात्यक्षिके दिली. पण मोजमापे आणि नियंत्रित अभ्यास त्यांच्याजवळ नव्हते. केवळ रुग्णांच्या अनुभवावर वैद्यकाने विसंबावे, ही अपेक्षा चुकीची होती. दुसरीकडे, पदवी नाही म्हणून कुणी पडताळूनही पाहिले नाही, हेही खरे.

१९६० च्या दशकात जर्मन डॉक्टर योहानेस आस्डोंक यांनी ही पद्धत आपल्या रुग्णांवर तपासली. कोणाला चालते, कोणाला चालत नाही, याची नोंद ठेवली. त्यातून तिला वैद्यकीय चौकट मिळाली. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रियातील वाल्खझे येथे विटलिंगर दांपत्याने प्रशिक्षणाची शाळा सुरू केली. पुढे मूळचे हंगेरीचे डॉक्टर मिशाएल फल्डी आणि त्यांच्या पत्नी एटेल्का यांनी जर्मनीत हा मसाज, दाबपट्टी, व्यायाम आणि त्वचेची निगा यांची सांगड घातली. लिम्फोडेमावरील आजचा प्रमाण उपचार हाच. विनिवार्टर यांनी १८९२ मध्ये सांगितलेले सूत्र फिरून तिथेच आले.

व्हॉडर यांचे १९८६ मध्ये निधन झाले. सर्दीवरच्या उपायापासून निघालेली त्यांची वाट कर्करोगाच्या रुग्णांपर्यंत पोहोचलेली त्यांनी पाहिली. एस्ट्रिड त्यांच्यानंतर दहा वर्षे जगल्या.

शस्त्रक्रियेनंतर याचा खरोखर उपयोग होतो का?

काखेतील ग्रंथी काढलेल्या सुमारे पाचपैकी एका स्त्रीला हाताची सूज येते. एक-दोनच ग्रंथी तपासणीसाठी काढल्या तर हे प्रमाण बरेच कमी असते. अशा सुजेवरील अभ्यासांचा कॉक्रेन संस्थेने २०१५ मध्ये आढावा घेतला. हा मसाज सुरक्षित आहे आणि दाबपट्टीच्या जोडीला दिल्यास, विशेषतः सूज सौम्य ते मध्यम असताना, थोडा जास्त फायदा होऊ शकतो, असे त्यात दिसले. म्हणजे मुख्य काम दाबपट्टीचे, मसाज तिचा सोबती. गुडघ्याच्या सांधेरोपणानंतर किंवा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतरही तो दिला जातो, पण तेथील पुरावा अजून तुटपुंजा आहे. वजन उतरते, शरीरातील विषे निघून जातात, हे समाजमाध्यमांवरचे दावे मात्र निराधार आहेत.

कोणी करून घेऊ नये?

सुजलेला भाग लाल आणि गरम झाला असेल, ताप असेल, तर तो जंतुसंसर्ग असू शकतो. आधी औषध, मसाज नंतर. एकाच पायाची पोटरी अचानक सुजून दुखू लागली तर शिरेत रक्ताची गुठळी असण्याची शक्यता असते. तिथे चोळणे जिवावर बेतू शकते. हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असेल तर सुजेचे कारणच वेगळे असते. म्हणून शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय आणि हे तंत्र शिकलेल्या फिजिओथेरपिस्टशिवाय सुरुवात करू नये. थेरपिस्टकडून शिकून घेतल्यावर साध्या चाली घरी स्वतःही करता येतात.

पूर्व विदर्भातील हत्तीपायाच्या रुग्णांनाही लसीकेच्या याच तुंबण्याने ग्रासलेले असते. तिथे पाय रोज साबणाने धुणे, कोरडा ठेवणे, उंच ठेवणे आणि हलका व्यायाम यांवर भर असतो. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतरही त्वचेची निगा तितकीच महत्त्वाची. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे बांगडी घट्ट होऊ लागली, हात जड वाटू लागला, की त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवणे. सुरुवातीची सूज उतरते. वर्षानुवर्षे साचून घट्ट झालेली सूज पूर्णपणे उतरवणे कोणत्याही हाताला कठीण जाते.