वसईचे गोन्सालो गार्सिया

आजच्या पालघर जिल्ह्यातील वसई तेव्हा पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. तेथे १५५७ च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, आई वसईची. किशोरवयातच ते येशूसंघाच्या पाद्र्यांसह जपानला गेले. संघात प्रवेश मिळावा, या एकाच आशेने त्यांनी ८ वर्षे सेवा केली व जपानी भाषा आत्मसात केली. प्रवेश मात्र मिळाला नाही. खिन्न मनाने त्यांनी व्यापार आरंभिला. पैसा पुष्कळ मिळाला, पण मन रमेना. अखेर आपला हट्ट देवाच्या स्वाधीन करून ते मनिला येथे फ्रान्सिस्कन संघात साधे सेवाबंधू झाले.

आणि नवल पाहा! १५९३ मध्ये जपानला जाणाऱ्या धर्मगुरूंना दुभाषा हवा होता. वाया गेलीशी वाटणारी ती ८ वर्षे अशी कामी आली.

पुढे जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याची मर्जी फिरली. गोन्सालो व त्यांचे सोबती यांच्या डाव्या कानांचा लचका तोडून त्यांना भर हिवाळ्यात क्योतोहून दूर नागासाकीस नेण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तेथे २६ जणांना क्रुसावर चढवून भाल्यांनी विंधले. १८६२ मध्ये गोन्सालो संत म्हणून घोषित झाले. वसईजवळ गास गावी त्यांच्या नावाचे चर्च आहे.