इंद्रलाल रॉय

इंद्रलाल रॉय (२ डिसेंबर, १८९८:कोलकाता – २२ जुलै, १९१८:कार्व्हँ, फ्रान्स) हे पहिल्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाकडून लढलेले भारतीय लढाऊ वैमानिक होते. दहा हवाई विजयांची नोंद त्यांच्या नावावर आहे.

पूर्वायुष्य
रॉय यांचे घराणे मूळचे बारिसाल जिल्ह्यातील. वडील पियारीलाल हे बॅरिस्टर, तर आई ललिता या इंग्लंडमधील स्त्री-मताधिकार चळवळीत सहभागी होत्या. बंधू परेशलाल पुढे भारतीय मुष्टियुद्धाचे प्रवर्तक म्हणून ओळखले गेले. इंद्रलाल यांचे शिक्षण लंडनच्या सेंट पॉल्स शाळेत झाले. ऑक्सफर्डची शिष्यवृत्ती मिळूनही त्यांनी रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये जाण्याचे ठरवले. दृष्टिदोषाच्या कारणावरून त्यांचा अर्ज प्रथम फेटाळला गेला. तेव्हा त्यांनी आपली मोटारसायकल विकली, त्या पैशातून नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून फेरतपासणी करून घेतली आणि निर्णय फिरवून घेतला. एप्रिल १९१७ मध्ये ते कोअरमध्ये दाखल झाले व ५ जुलै रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंट हा हुद्दा मिळाला.

सरावातील अपघात
३० ऑक्टोबर १९१७ रोजी रॉय फ्रान्समधील ५६व्या स्क्वॉड्रनमध्ये रुजू झाले. या तुकडीकडे एस.ई.५ए ही विमाने होती. लाकडी सांगाड्यावर कापड ताणलेल्या या विमानात एकच आसन असे. त्यामुळे शेजारी प्रशिक्षक बसण्याचा प्रश्नच नव्हता आणि नवख्याला पहिल्यापासून एकट्यानेच हात बसवावा लागे. ब्रिटिश वैमानिकांना त्या काळी हवाई छत्रीही दिली जात नसे. रुजू झाल्यानंतर आठवड्याभरातच, ६ नोव्हेंबर रोजी, सरावाच्या काळात रॉय यांचे विमान कोसळले व ते जखमी झाले.

बेशुद्धावस्थेत त्यांना मृत समजून एताप्ल येथील रुग्णालयाच्या शवागारात ठेवले गेले, शुद्धीवर येताच त्यांनी दार ठोठावून मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्ये हाका मारल्या आणि त्या ऐकून पहारेकऱ्याचीच गाळण उडाली, अशी कथा प्रसिद्ध आहे. काही चरित्रकथांत मात्र तिचा संबंध सरावाशी न जोडता शत्रूच्या गोळीबाराशी जोडलेला आढळतो.

अपघातानंतर वैद्यकीय मंडळाने त्यांना उड्डाणास अपात्र ठरवले. विश्रांतीच्या दिवसांत त्यांनी विमानांची अनेक रेखाचित्रे काढली. त्यांतील काही आजही उपलब्ध आहेत. मात्र साहित्यसामग्रीच्या कामावर त्यांचे मन रमले नाही. वरिष्ठांचा सतत पिच्छा पुरवून त्यांनी पुन्हा उड्डाणाची परवानगी मिळवली.

युद्धातील कामगिरी
जून १९१८ मध्ये ते जॉर्ज मॅकेल्रॉय यांच्या हाताखाली ४०व्या स्क्वॉड्रनमध्ये परतले. काही महिन्यांपूर्वी सरावात जे विमान त्यांच्या हातून कोसळले होते, त्याच जातीच्या विमानातून त्यांनी ६ ते १९ जुलै या काळात दहा विजय मिळवले. त्यांतील काही सहकाऱ्यांसोबतचे होते.

मृत्यू व स्मृती
२२ जुलै रोजी कार्व्हँ परिसरात जर्मन फोकर विमानांशी झालेल्या चकमकीत रॉय यांचे विमान पेट घेऊन कोसळले. त्या वेळी त्यांचे वय १९ वर्षे होते. त्याच उन्हाळ्यात मुंबईचे वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर यांनाही फ्रान्समध्येच मृत्यू आला. रॉय यांना सप्टेंबर १९१८ मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे पदक मरणोत्तर जाहीर झाले. हा बहुमान मिळवणारे ते पहिले भारतीय होत. एस्तेव्हेल येथील दफनभूमीत त्यांचे थडगे असून त्यावर बंगाली व फ्रेंच भाषांत लेख कोरलेला आहे. जन्मशताब्दीनिमित्त १९९८ मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले.