स्कुबा डायव्हिंगनंतर लगेच विमानात का बसू देत नाहीत? याचं उत्तर बकऱ्यांवरच्या एका प्रयोगात आहे

अंदमानचा प्लॅन ग्रुपवर ठरतो तेव्हा तो साधारण असा असतो. गुरुवारी पोर्ट ब्लेअर, म्हणजे आताचं श्री विजयपुरम. शुक्रवारी फेरीने हॅवलॉक, म्हणजे स्वराज द्वीप. शनिवारी बीच, फोटो, आराम. आणि रविवारी सकाळी स्कुबा करून दुपारचं विमान पकडायचं. बेस्ट गोष्ट शेवटी ठेवायची, असं डोकं त्यामागं असतं.

नेमकी इथंच गडबड होते. डाईव्ह सेंटरवाला परतीचं विमान कधी आहे विचारतो आणि सरळ नाही म्हणतो. एकच साधा डाईव्ह केला असेल तर किमान १२ तास आणि दोन-तीन दिवस डाईव्ह केले असतील तर किमान १८ तास विमानात बसायचं नाही, असा नियम आहे. बरेच जण सरळ २४ तास धरतात. म्हणजे रविवारी दुपारी २ चं विमान असेल तर पाण्यातलं काम शुक्रवार-शनिवारीच उरकायला हवं आणि बीचवर लोळायचं ते रविवारी.

सेंटरवाला हे धंद्याचं नुकसान करून सांगत असतो, कारण त्याच्यामागं एका स्कॉटिश डॉक्टरचं गणित आहे. त्यांचं नाव जॉन स्कॉट हाल्डेन.

हाल्डेन यांचा जन्म १८६० चा, एडिनबरामधला. घराणं मोठं. भाऊ रिचर्ड पुढं जाऊन ब्रिटनचा युद्धमंत्री झाला. जॉन १८८४ ला डॉक्टर झाले, पण दवाखाना टाकून बसण्यात त्यांना रस नव्हता. माणूस श्वासात घेतो त्या हवेत नेमकं काय असतं, हा त्यांचा विषय. त्यासाठी ते डंडी शहरातल्या गरीब वस्तीत मध्यरात्री लोकांच्या घरी जायचे आणि दाटीवाटीने झोपलेल्या कुटुंबांच्या खोलीतली हवा बाटलीत भरून आणायचे. गटारांतली हवाही त्यांनी तपासली.

मग आल्या कोळशाच्या खाणी. १८९६ मध्ये वेल्समधल्या टायलर्सटाऊन इथल्या खाणीत स्फोट झाला. कामगार स्फोटाने मेले असंच सगळे धरून चालले होते. हाल्डेन यांनी मृतदेह तपासले आणि सांगितलं की यातले बहुतेक जण स्फोटानंतर पसरलेल्या कार्बन मोनॉक्साईडने गेलेत. या वायूला ना रंग, ना वास. त्यावर त्यांचा उपाय होता खाणीत छोटे प्राणी नेण्याचा. छोट्या जिवाचा श्वास वेगवान असतो, त्यामुळं विषाचा परिणाम माणसाच्या आधी त्याच्यावर दिसतो. खाणीतल्या पिंजऱ्यातली कॅनरी ती हीच. ब्रिटनच्या खाणींमध्ये ती १९८६ पर्यंत होती.

पण या माणसाची खरी ओळख वेगळी होती. कुठलाही वायू आधी स्वतः ओढून बघायचा, ही त्यांची पद्धत. कार्बन मोनॉक्साईड घेत घेत त्यांनी स्वतःच्या रक्तातलं निम्म्याहून जास्त हिमोग्लोबिन त्या विषाने अडवून घेतलं होतं. नीट चालताही येईना तोवर ते थांबले नाहीत, आणि त्या अवस्थेतही नोंदी चालू होत्या.

आता पाण्याकडं येऊ.

एकोणिसाव्या शतकात मोठे पूल बांधताना नदीच्या तळाशी बंद पेट्या उतरवायचे. त्यात दाबाने हवा भरायची आणि आत कामगारांनी खोदकाम करायचं. काम संपवून वर आलं की काही जणांचे सांधे असह्य दुखायचे, काहींचे पाय लुळे पडायचे, काही मरायचे. लोक वेदनेने वाकून चालायचे म्हणून या आजाराला बेंड्स म्हणू लागले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा मुख्य इंजिनिअर वॉशिंग्टन रोबलिंग याच आजाराने अंथरुणाला खिळला आणि पुढचं काम त्याची बायको एमिली हिने पेललं.

कारण सापडलं होतं. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो. दाब वाढला की हवेतला नायट्रोजन रक्तात आणि शरीरात विरघळतो. सोड्याच्या बाटलीत गॅस असतो तसा. बूच हळू उघडलं तर ठीक, झटक्यात उघडलं की फेस. तो फेस रक्तात आणि मणक्यात झाला तर काय होईल, याची कल्पना करा. फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल बेर यांनी १८७८ मध्येच हे मांडलं होतं. उपायही ठरला होता, हळूहळू एकाच वेगाने वर या. तरी माणसं आजारी पडतच होती.

१९०५ मध्ये ब्रिटिश नौदलाने हा प्रश्न हाल्डेन यांच्यापुढं ठेवला. त्यांनी लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधली एक मोठी पोलादी टाकी घेतली आणि तिच्यात बकऱ्या घातल्या.

बकऱ्याच का? उंदरासारख्या छोट्या प्राण्याच्या शरीरातून नायट्रोजन पटकन निघून जातो, त्यामुळं त्याच्यावरून माणसाचा अंदाज येत नाही. बकरी अंगाने त्यातल्या त्यात माणसाच्या जवळची. शिवाय सांधा दुखायला लागला की बकरी तो पाय उचलून धरते, म्हणजे तिला काय होतंय ते बाहेरून दिसतं. टाकीत दाब वाढवायचा, बकऱ्यांना काही तास ठेवायचं, मग वेगवेगळ्या पद्धतीने दाब उतरवायचा आणि कोण लंगडतंय ते बघायचं. काही बकऱ्या लुळ्या पडल्या, काही मेल्या. आपल्या सुरक्षित सुट्टीचा हा हिशोब फारसा कुणी सांगत नाही.

यातून जे निघालं ते तेव्हाच्या समजुतीच्या उलट होतं. दाब एकदम अर्ध्यावर आणला तरी शरीर सहन करतं. म्हणजे ५० मीटरवर ६ वातावरणं दाब असेल, तर २० मीटरपर्यंत, जिथं ३ वातावरणं असतात, बऱ्यापैकी लवकर येता येतं. खरा धोका शेवटच्या टप्प्यात असतो. एकाच संथ वेगाने वर येणारा पाणबुड्या खोलवर रेंगाळत आणखी नायट्रोजन शोषत राहतो आणि पृष्ठभागाजवळ, जिथं थांबायला हवं, तिथून मात्र निघून येतो. हाल्डेन यांनी सांगितलं की टप्प्याटप्प्याने या, दर १० फुटांवर थांबा आणि जसजसं वर याल तसं जास्त वेळ थांबा.

सगळं शरीर एकाच वेगाने नायट्रोजन घेत नाही, हेही त्यांनी गणितात धरलं. शरीराचे त्यांनी पाच काल्पनिक भाग पाडले. सगळ्यात वेगवान भाग ५ मिनिटांत निम्मा भरतो, सगळ्यात संथ ७५ मिनिटांत.

बकऱ्यांनंतर पाळी माणसांची. १९०६ मध्ये स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर स्पँकर या नौदलाच्या जहाजावरून लेफ्टनंट डॅमंट आणि कॅटो हे दोघे २१० फुटांपर्यंत, म्हणजे ६४ मीटर उतरले आणि धडधाकट वर आले. याच मोहिमेत हाल्डेन यांचा पोरगा जॅकही होता. वय वर्षं १३. बापाने त्यालाही पाणबुड्याचा मोठ्या माणसाचा सूट चढवून साधारण १२ मीटर खाली पाठवलं. सूट ढगळा, मनगटाशी घट्ट बसेना, आत थंडगार पाणी शिरत राहिलं. पोरगं हेल्मेटच्या झडपेशी झुंजत कसंबसं निभावून वर आलं. आज कुठल्याही सेंटरवर असं केलं तर लायसन जाईल. गंमत म्हणजे पहिल्यांदा स्कुबा करणाऱ्याला आज जास्तीत जास्त १२ मीटरच नेतात.

१९०८ मध्ये हाल्डेन, डॅमंट आणि बॉयकॉट यांचा पेपर छापून आला, सोबत तक्ते. किती खोल, किती वेळ, कुठं किती थांबायचं, हे सगळं त्यात होतं. ते तक्ते चुकीशिवाय नव्हते. छोट्या डाईव्हसाठी ते गरजेपेक्षा कडक आणि लांबलचक डाईव्हसाठी ढिले निघाले, अर्ध्या दाबाचा नियमही पुढं सुधारावा लागला. पण त्यांच्या जोरावर डॅमंटनी १९१७ ते १९२४ या काळात आयर्लंडजवळ बुडालेल्या लॉरेंटिक जहाजातून सोन्याच्या ३,२११ पैकी ३,१८६ विटा वर काढल्या आणि एकही पाणबुड्या गमावला नाही.

आज इन्स्ट्रक्टरच्या मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर शरीराचे असेच काल्पनिक भाग पाडून दर काही सेकंदाला हिशोब करतो. वर येताना ५ मीटरवर ३ मिनिटं थांबवतात, तीही याच विचाराची पोरं. आणि विमानाचं म्हणाल तर केबिनमधला दाब १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असतो तेवढाच असतो. अंगात उरलेल्या नायट्रोजनसाठी ते म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागाच्याही वर, आणखी एक टप्पा न थांबता चढण्यासारखं आहे.

हाल्डेन इथं थांबले नाहीत. १९११ ला ते अमेरिकेत पाईक्स पीक या ४,३०० मीटरच्या शिखरावर राहून विरळ हवेचा अभ्यास करून आले. १९१५ ला जर्मनांनी क्लोरीन सोडल्यावर ते युद्धभूमीवर गेले, गॅस ओळखला, परत येऊन तो स्वतःवर घेतला आणि मास्कच्या कामाला लागले. उतारवयात इराण-इराकमध्ये जाऊन तेल कारखान्यांतल्या कामगारांचा उष्माघात तपासला. तिथून आल्यावर न्यूमोनिया झाला आणि १९३६ मध्ये ऑक्सफर्डला ते गेले.

ढगळ्या सूटमधला जॅक म्हणजे पुढचे विख्यात शास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन. १९३९ मध्ये थेटिस पाणबुडी बुडून ९९ जण गेल्यावर त्यांनी दाबाच्या टाकीत स्वतःला कोंडून घेतलं, कानाचे पडदे फाडून घेतले, मणक्याला इजा करून घेतली. १९५७ मध्ये ते कायमचे भारतात आले, भारतीय नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह विद्यार्थ्यांना शिकण्यासाठी काकीनाड्याच्या मेडिकल कॉलेजला देण्यात आला.