गुलाबी कागदावरचे वृत्तपत्र

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली आणि ती अमेरिकेतील गुलामांची मुक्तता करणाऱ्या तिथल्या सज्जनांना अर्पण केली, हे आपण सारे शाळेपासून वाचत आलो आहोत. मला मात्र एक शंका नेहमी छळत असे. बेड्या तुटल्या खऱ्या, पण त्यानंतर त्या लोकांना सुखाने जगू दिले काय? या शंकेपायी ग्रंथालयात धुंडाळत असताना आयडा बी. वेल्स या संपादिकेचे चरित्र हाती आले. ‘गुलामगिरी’ निघाली त्या साली ती अकरा वर्षांची होती.

तिचा जन्म १६ जुलै १८६२ रोजी मिसिसिपी राज्यातील होली स्प्रिंग्ज गावी, गुलाम आईबापांच्या पोटी झाला. वडील सुतार, आई स्वयंपाकीण. मुक्ती मिळाल्यावर आई मुलांबरोबर स्वतःही शाळेत जाऊन बसू लागली व बायबल वाचता येईपर्यंत जात राहिली. पुढे १८७८ साली पीतज्वराची साथ आली आणि तीत आई, वडील व तान्हा भाऊ गेले. आयडा तेव्हा सोळा वर्षांची होती. उरलेली भावंडे वेगवेगळ्या घरी वाटून द्यावीत, असे हितचिंतकांनी ठरवले. तिने ते साफ नाकारले. वयाने मोठी दिसावी म्हणून झग्याची लांबी वाढवली आणि खेड्यातल्या शाळेत मास्तरीण झाली. आपल्यापैकी किती जणांना सोळाव्या वर्षी हे जमले असते?

पुढे ती मेम्फिस शहरी आली. एकदा पहिल्या वर्गाचे तिकीट असूनही आगगाडीतल्या तपासनिसाने तिला स्त्रियांच्या डब्यातून उठायला सांगितले. ती उठली नाही. त्याने दंडाला धरले तेव्हा ती त्याच्या हाताला कडकडून चावली. शेवटी तिघांनी मिळून तिला ओढून काढले. तिने रेल्वे कंपनीवर दावा लावला आणि १८८४ साली ५०० डॉलर भरपाईचा निकालही मिळवला. परंतु १८८७ साली राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने तो फिरवला आणि दाव्याचा खर्च उलट तिच्याच अंगावर पडला. या काळात ‘आयोला’ या टोपणनावाने तिचे लेखन कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतून छापून येऊ लागले होते.

मेम्फिसच्या ‘फ्री स्पीच अँड हेडलाइट’ या पत्राचे दोन चालक होते. त्यांनी १८८९ साली तिला लिहायला बोलावले. नुसती लेखिका म्हणून येणार नाही, बरोबरीची भागीदार म्हणूनच येईन, असे तिने कळवले आणि तिसरा हिस्सा विकत घेऊन संपादिका झाली. पुढचे सारे काही या एका हट्टातून निघाले, असे मला वाटते. पगारी लेखिकेला मालक गप्प बसवू शकतो. हिच्यावर मालकच नव्हता! कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांची दैना छापल्याबद्दल १८९१ साली तिची शिक्षिकेची नोकरी गेली, तरी पत्र राहिले.

निरक्षर गिऱ्हाइकाने ‘फ्री स्पीच’ मागितले की विक्रेते त्याच्या हाती भलतेच पत्र ठेवीत. हे कळताच तिने अंक गुलाबी कागदावर छापायला सुरुवात केली. ज्याला अक्षर येत नव्हते त्यालाही रंग ओळखता येत होता. घरी गेल्यावर दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

९ मार्च १८९२. टॉमस मॉस हा पोस्टमन तिचा जिवलग मित्र. त्याच्या मुलीची ती धर्ममाता. त्याने सोबत्यांबरोबर किराणा दुकान काढले होते आणि जवळच्या गोऱ्या दुकानदाराचा धंदा त्यामुळे बसू लागला होता. तंटा वाढला, गोळीबार झाला, मॉस व त्याचे दोन सोबती तुरुंगात गेले. जमावाने त्यांना तुरुंगातून बाहेर काढून गावाबाहेर गोळ्या घातल्या. जमाव ज्याला मारतो त्याने स्त्रीवर अत्याचार केलेला असतो, या प्रवादावर तोवर आयडाचाही थोडाफार विश्वास होता. मॉसने तर फक्त दुकान चालवले होते. तिने लोकांना गाव सोडण्याचा सल्ला दिला आणि माणसे हजारोंनी निघून गेली. उरलेल्यांनी ट्रामवर बहिष्कार घातला. तेव्हा ट्राम कंपनीचे अधिकारीच पत्राच्या कचेरीत विनवणी करायला आले.

मग ती अशा हत्यांची प्रकरणे स्वतः जाऊन तपासू लागली. मे महिन्यात तिने लिहिले, की अत्याचाराचा हा आरोप पुष्कळदा खोटा असतो. त्यावर गोऱ्यांच्या जमावाने छापखाना मोडून टाकला. ती बाहेरगावी होती म्हणूनच वाचली. परत आलीस तर जीव घेऊ, असे तिला बजावण्यात आले. ती न्यूयॉर्कला राहिली. छापखाना गेला तरी वर्गणीदारांची यादी हाती होती. ती देऊन तिने ‘न्यूयॉर्क एज’ या पत्रात चौथा हिस्सा मिळवला! न्यूयॉर्क व ब्रुकलिनच्या कृष्णवर्णीय स्त्रियांनी सभा भरवून निधी जमवला आणि तिला लेखणीच्या आकाराची सोन्याची पिन भेट दिली. त्या पैशांतून तिची पुस्तिका निघाली.

तिच्या पद्धतीचे मला सर्वांत अप्रूप वाटते. ‘शिकागो ट्रिब्यून’ या गोऱ्यांच्याच पत्राने आठ वर्षांत अशा ७२८ हत्या मोजल्या होत्या. त्यांपैकी जेमतेम एकतृतीयांश जणांवर अत्याचाराचा नुसता आरोप होता, हे तिने दाखवून दिले. आकडे तिचे नव्हतेच, मग खोटे कोण म्हणणार? १८९५ साली ‘द रेड रेकॉर्ड’मध्ये तिने तपशिलाच्या याद्याच छापल्या. त्याआधी इंग्लंडचे दोन दौरे करून तिथेही बोभाटा केला होता.

त्याच साली शिकागोचे वकील फर्डिनंड बार्नेट यांच्याशी तिचे लग्न झाले. त्यांचे ‘कॉन्झर्व्हेटर’ हे पत्र तिने आपल्याकडे घेऊन चालवले. पुढे चार मुले झाली. पहिले मूल अंगावर पीत असताना ती त्याला घेऊन व्याख्यानांना जात असे. स्वभाव मात्र तिखट. १९०९ साली कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी मोठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली, तिच्या स्थापनेत आयडा होती, पण पुढे तिथल्या लोकांशी तिचे फारसे जमले नाही. १९१३ साली वॉशिंग्टनच्या स्त्रीमताधिकार मोर्चात काळ्या स्त्रियांनी मागे चालावे असे सांगण्यात आले, तेव्हा ती वाटेत गर्दीतून आपल्या राज्याच्या तुकडीत शिरली आणि तिथेच चालली.

२५ मार्च १९३१ रोजी ती वारली. पुलित्झर मंडळाने तिचा गौरव केला तो २०२० साली, आणि जमावाच्या अशा हत्यांविरुद्ध अमेरिकेत केंद्रीय कायदा झाला २०२२ साली. तिचे आत्मचरित्र तिच्या मुलीने संपादित केले, ते १९७० साली छापून आले. शेवटच्या दिवसांतही ती ते लिहीतच होती. हस्तलिखित एका वाक्याच्या मध्येच, शब्दही पुरा न होता थांबले आहे.